पोच

अकरावी ब. दुसरा तास. वॉल्विस बेमध्ये
धुकं अजून खिडकीपाशीच रेंगाळतंय,
आणि मासळीच्या भुकटीचा वास
हजेरी न देताच वर्गात येऊन बसलाय.
स्टाफरूममध्ये म्हणतात, या पोरांना पोच नाही.
मी म्हणते, बघू.

पहिल्या आठवड्यात टेबलावर पिल्चर्डचा डबा ठेवला.
म्हटलं, ज्यानं जन्मात डबा पाहिला नाही
त्याच्यासाठी तो उघडायची कृती लिहा.
ओटनिएलनं लिहिलं : डबा घ्या. उघडा. खा.
मी डबा घेतला आणि त्याच्याकडे बघत बसले.
वर्ग हसून लोळला. अहो, ओपनरनं, मिस!
कुठे लिहिलंय ओपनर?

हेंद्रिनाच्या सतरा पायऱ्या होत्या.
नवव्या पायरीवर पत्र्यानं बोट कापतं,
आणि दहावी पायरी म्हणते : बोट सांभाळा.
मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं : धोका आधी.
अजून पुसलेलं नाही.

मग कर्ता शिकवला.
जॅकोचं वाक्य : खिडकी फुटली.
खिडक्या आपोआप फुटत नाहीत, जॅको.
बॉल लागला.
बॉलला पाय असतात का?
बराच वेळ गेला. मागच्या बाकावरून
एवढासा 'मी' आला,
कान लाल करून.

जूनच्या शेवटी तुयेनीनं दप्तरातून
चार घड्यांचा एक कागद काढला.
कॅनरीच्या ऑफिसातून आईला आलेला.
'कळविण्यात येते की, रात्रपाळीत यंत्र क्रमांक तीनवर
एक घटना घडली असून, योग्य ती दक्षता
घेतली गेली नसल्याचे निदर्शनास आले आहे.'
मी तो मोठ्यानं वाचला, नको होता वाचायला.
कोणीच हसलं नाही.
मग ओटनिएल, तोच, डबा घ्या उघडा खा :
कळवतंय कोण, मिस?
हेंद्रिना : दक्षता कोणी घ्यायची होती?
जॅको : घटना आपोआप घडली का?
लाल पेन बाकाबाकावरून फिरलं.
शेवटी कागदावर अधोरेखांखेरीज
उभं राहू शकेल असं काही उरलं नाही.

तुयेनीनं उत्तर लिहायला घेतलं.
'कामगार' लिहू की 'आई'?
याला व्याकरणात नियम नाही. मी तसं सांगितलं.
'कृपया' लिहू?
लिही. एकदाच.

'माझी आई रौना तुमच्याकडे नऊ वर्षं आहे.
तीन नंबरच्या यंत्राची जाळी मे महिन्यात
तुमच्या सुपरवायझरनं काढली. परत बसवली नाही.
अकरा जूनला पहाटे चार वाजता
पट्ट्यानं तिच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली.
जाळी कोणाच्या सांगण्यावरून काढली, ते कळवा.
भरपाई किती आणि कधी देणार, ते कळवा.
उत्तर कृपया पुढच्या शुक्रवारपर्यंत द्या.'

एक विशेषण नाही. जाळी आधी, बोटं नंतर.
माझ्या घशात काहीतरी आलं, ते तिथेच राहू दिलं
आणि दहापैकी नऊ दिले.
पत्रावर तारीख नव्हती.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की तो एक गुण मला आठवडाभर बोचला.
पण दिला नाही.

दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची रिकामी.
गेटवर रखवालदार म्हणाला, ठेवून जा.
ती म्हणाली, पोच द्या.
तो म्हणाला, साहेब जेवायला गेलेत.
ती म्हणाली, थांबते.
रात्रपाळीची बस भरून गेटात शिरली,
दिवसपाळीची निघून गेली,
तरी ही भिंतीला टेकून, हातात दोन प्रती.

सकाळी तिनं दुसरी प्रत माझ्या टेबलावर ठेवली,
न उघडलेल्या डब्याच्या शेजारी.
वाकडा, निळा शिक्का. 'मिळाले.'
सही अशी की नाव लागू नये.
तारीख आहे, मिस, ती म्हणाली.

शुक्रवार येऊन गेला. उत्तर नाही.
आलं तर त्यातही कर्ता शोधावा लागेल.
स्टाफरूममध्ये मी काही बोलले नाही.
झेरॉक्सपाशी उभी राहिले फक्त.
तीन प्रती काढल्या.