पोचा

लुबोमीर हाव्रिशकडून मी पिकअप घेतली तेव्हा
व्यवहारात तोही आला, हे कागदावर नव्हतं.
दर शनिवारी दहाच्या ठोक्याला
सून त्याला माझ्या फाटकाशी सोडते.
गॅरेजात तो आपली घडीची खुर्ची उघडतो
आणि माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत विचारतो,
"आज काय बिघडवलंस?"

त्याच्या डोळ्यांचा मधलाच भाग गेलाय.
कडा शाबूत आहेत.
धुराडं दिसतं, त्याखालचं घर दिसत नाही.
लायसन्स गेलं म्हणून विकली,
नाहीतर देव मागायला आला असता
तरी किल्ली दिली नसती त्यानं.

एकतीस हिवाळे सस्कॅचेवानच्या रस्त्यांवरचं मीठ खाल्लं तिनं,
आणि खाल्ल्या मिठाला जागून
तळापासून झिजली.
केबिनचे खालचे कोपरे बोटानं दाबले
तर भिजल्या बिस्किटासारखे सुटले.
मी दिवसा शाळेची बस चालवते.
रात्री कापलं, घासलं, नवा पत्रा वेल्ड केला.
सडका हौदा उतरवला, त्या जागी
पाडलेल्या धान्यकोठाराच्या फळ्या बसवल्या.
फटींतून अजून गव्हाचे दाणे निघतात.

इंजिनाला मात्र तो हात लावू देईना.
"सहा सिलिंडर. सहाही माझ्या ओळखीचे."
मग एकदा स्वतःच म्हणाला, पुढचं झाकण काढ,
आत एक खुंटी असते, करंगळीच्या पेराएवढी,
ती सुटली की गिअरांत पडते
आणि मग मोजून पैसे घेतो फक्त भंगारवाला.
न चाचपता बोट ठेवलं नेमकं तिथे.
खुंटी अर्धी बाहेर आलेली.
मी तिच्यावर पट्टी ठोकली, बोल्ट आवळला.
"बघ," तो म्हणाला.
हा शब्द तो फार वापरतो.

रंगावरून वाजलं आमचं.
"निळाच ना?"
नाही. पिवळा. जुलैत कॅनोला फुलतो तसा.
"मग शेतात उभी करू नकोस," म्हणाला, "सापडायची नाही."

रंग वाळला त्या शनिवारी
त्यानं हातमोजा काढून तळवा फिरवला,
पुढच्या चाकापासून मागे, दारावरून,
आणि थांबला.
परत मागे गेला. परत आला.
"इथं होता."
काय?
"पोचा. कालवडीनं लाथ मारलेली.
त्याच्या वर चार बोटं की हँडल.
शेवटची दोन वर्षं
मी दार असंच शोधायचो."

तीन संध्याकाळी आतून ठोकून काढला होता मी तो.
वर पुट्टी, वर पॉलिशपेपर,
बोट लावून विचारलं असतं कुणाला, तर कळलं नसतं.
कळू नये म्हणून तर केलं होतं.

"छान झालंय," तो म्हणाला,
आणि अर्धा तास आधीच खुर्ची मिटली.

त्या रात्री हातोडा हातात घेतला होता. खोटं का सांगू.
पण तो माझा पोचा झाला असता,
कालवडीचा नाही.

जानेवारी. उणे एकतीस.
जाळीतून लोंबणारी हीटरची वायर रात्रभर भिंतीला जोडलेली.
दुसऱ्या झटक्याला लागली गाडी,
पांढरा धूर, मग विरळ, मग नुसता आवाज.
तो सवयीनं ड्रायव्हरच्या बाजूला गेला.
त्या गुळगुळीत पिवळ्यावर हात इकडे, तिकडे.
जिभेवर आलं होतं, वर, थोडं वर.
बोलले नाही.
चौथ्यांदा सापडलं त्याला.

मी वळसा घालून पलीकडे बसले, पहिल्यांदाच.
त्यानं क्लच दाबला,
पहिला टाकला, काढला, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला.
गाडी तसूभर हलली नाही.
पाऊण तास डिझेल जळलं.
काट्याकडे मी बघितलं नाही.

"तिसरा अजून अडखळतो," तो म्हणाला.

मी लिहून घेतलं.