न धुतलेली काठवट

ती नळी टेबलावर नको, रेइयो.
पावाशेजारी तर नाहीच नाही.
पडवीत ठेव, बाहेर उणे एकोणीस आहे,
तिथे कशालाच वास राहत नाही.
लाजतोस काय? शेहेचाळीसचा झालास.
ढुंगण मीच धुतलंय तुझं,
आणि योएन्सूहून येणाऱ्या त्या सिनिक्काबाई,
त्यांनी तर सगळ्या तळ्याकाठचं पाहिलंय.

आकड्याचा कागद घडी घालून
मासेमारीच्या परवान्यामागे लपवलास.
मी पाहिला.
तुझ्या बापाचा आकडा कुणी काढलाच नाही.
सत्तेचाळिसाव्या वर्षी वेइक्को
बर्चच्या ओंडक्यात कुऱ्हाड तशीच रुतवून
खाली बसला. जरा दम खातो, म्हणाला.
खिशात माझ्याच हातचं:
बोटभर लोणी, त्यावर डुकराची चरबी,
मधे कुठेतरी पाव.
तेव्हा प्रेम लोण्याच्या जाडीवर मोजायचे.
मी त्याच्यावर फार प्रेम केलं, रेइयो.

सिनिक्काबाईंनी विजेच्या बिलामागे चित्र काढलं.
यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं, त्याचं पित्त करतं.
पित्त आतड्यात उतरतं, चरबीशी झटतं,
काम संपलं की माघारी येतं,
संध्याकाळी गुरं यावीत तसं.
पण ओटची लापशी, रायचा कोंडा
वाटेत त्यातलं थोडं धरून ठेवतात, बाहेर नेतात.
मग यकृताला पुन्हा रक्ताच्याच दारात
भांडं घेऊन उभं राहावं लागतं.
इतकं कळलं. चाळीस वर्षं दूध मोजून घातलंय मी.

पुढचं जंतूंचं.
कोंडा आपल्याला पचत नाही, त्यांना पचतो.
ते तो आंबवतात, आतड्याचं अस्तर त्यावर जगतं.
काही म्हणे कोलेस्टेरॉललाच असा वेष देतात
की आतडं त्याला आत घेत नाही.
आणि रोज नुसतं मांस आलं, की दुसरेच माजतात,
त्यांनी सोडलेलं काहीतरी यकृतातून फिरून
धमन्यांना बाधतं, असा संशय.
"नुसता संशय?"
"शोधतोय अजून. म्हणून तर नळी."
तेव्हा मला ती बाई आवडली.

मग मी त्यांना काठवट दाखवली.
लग्नाच्या आठवड्यात
सोडा आणि उकळतं पाणी घेऊन मी ती घासली,
लाकूड पांढरंफेक होईतो.
वाटलं, शाबासकी मिळेल.
सासू खुर्चीत बसून रडली.
भेगाभेगांत वाळून बसलेलं आंबवण,
तिच्या आईच्या हातापासूनचं,
मी एका सकाळीत मारलं होतं.
तो सबंध हिवाळा पाव विटेसारखे निघाले.
शेवटी पलीकडच्या आउनेनं वाटीभर आंबट पीठ दिलं;
तिचं विरजण मूळचं आमच्याच घरून गेलेलं.
तेव्हापासून मी धूत नाही. खरवडते, पालथी घालते.

तुझ्या पोटातही आहे एक.
तीस वर्षं तिला सॉसेज आणि बिअर दाखवलीस.
तरी भेगांत कुणीतरी असेल वाळून बसलेलं,
वाट बघत.
बाई हमी देत नाहीत. गोळीही लागेल म्हणतात.
लागली तर घे.
लेकरासाठी आतडं तुटतं म्हणतात ना,
मला वाटायचं, बोलायची रीत आहे.

लोणी आज पातळ लावलंय,
खालचा पाव दिसेल इतकं.
सुरी जड होते हातात.
तो असता तर विचारलं असतं त्यानं,
ताइमी, काय चुकलं माझं?

खा. चावून खा.
बस साडेनऊला आहे,
आणि नळी विसरशील.