शिट्टी नाही वाजविली तर

कुनमिंगला मार्चात चेरी फुलायची
तेव्हा आम्ही पोरी प्राणिसंग्रहालयात जायचो.
झाडं तिथंच होती, टेकडीवर,
हत्तीच्या कुंपणापासून अस्वलाच्या खंदकापर्यंत,
आणि तिकीट काढून आलेले लोक
अस्वलाकडे पाठ करून फोटो काढायचे.
अस्वलही आमच्याकडे पाठ करून बसायचं.

लियू फांग चहात मुरवलेली अंडी आणायची,
कवचावर भेगा, मे महिन्यातल्या
तळ्याच्या गाळाला पडतात तशा.
मी घरून आलेली शेंगदाण्याची चटणी न्यायचे.
ती तिला लाल वाळू म्हणायची, बोटं चाटायची.
उदगीरच्या अफरोजचा रोजा असायचा,
ती आमच्या डब्यांवर पडलेल्या पाकळ्या
एकेक करून उचलायची
आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकात ठेवायची,
बरोबर यकृताच्या पानात.

तिसऱ्या वर्षी शहराबाहेरच्या मोठ्या उद्यानात गेलो.
तिकीट शंभर युआन.
मनात बारानं गुणलं आणि गप्प बसले.
तळं होतं. पलीकडे डोंगर.
निळ्या जाकिटातल्या मुलीनं शिट्टी फुंकली
आणि डोंगरावरून मोर सुटले.
दहा नाही, वीस नाही,
मोजता येईनात इतके,
पिसारे मागं ओढत, जड, पाण्याला लागून,
बाजारातून लुगडी खांद्यावर टाकून
बाया घाईनं निघाव्यात तसे.
आमच्या पायांशी उतरले. मका टिपू लागले.

'तुमच्याकडे असतात का हे?'
लियू फांगनं विचारलं.

काय सांगू.
माझे अण्णा नायगावच्या मोरांच्या रानात वनमजूर.
लहानपणी माझ्या दप्तरात पट्टी नसायची,
पीस असायचं.

रात्री फोन केला.
अण्णा, इथं शिट्टी वाजवली की मोर येतात.
'सगळे?'
सगळे.
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले,
'आन् शिट्टी नाही वाजविली तर?'

मला माहीत नव्हतं.
मी कुणाला विचारलंही नव्हतं.

आता मी पाटोद्याच्या दवाखान्यात.
परीक्षा दोनदा द्यावी लागली, ते जाऊ द्या.
चैत्र लागलाय. पळस झडून गेला,
हिवराला मात्र अजून थोडी सावली आहे.
रविवारी अण्णांच्या मोटारसायकलवर मागं बसते,
दोन्हीकडे दोन कॅन, मधे मी,
वीस मिनिटांचा रस्ता, तिकीट नाही.
अण्णा नारळाच्या शेंडीनं पाणवठा घासतात,
शेवाळ काढतात, गाळ उपसतात,
कॅन तिरपा करून हळू पाणी सोडतात.
'साबणानं हात धुतेस ना दवाखान्यात?
मंग लांब बस. वास लागतो त्यांला.'

लांब बसले.
लियू फांगला व्हिडिओ हवा होता,
फोन दगडाला टेकवून चालू ठेवला.
एक टिटवी आली. पाणी प्याली, आम्हाला शिव्या दिल्या, गेली.
एक होला आला.
मग मुंग्यांची रांग आली.
दरीपलीकडून एकदाच
मोराचा आवाज उठला, चिरत गेला,
अण्णांनी मान वळवलीही नाही.
पाऊण तास.

तो सगळा व्हिडिओ तिला पाठवला.
पाणी, दगड, सरकणारी सावली,
कोपऱ्यात अण्णांचा एक बूट.
तिचं उत्तर आलं: मोर कुठे आहेत?
मी लिहिलं: आहेत.
पुढं काही सुचेना.

'आपुन गेल्यावर येतेत,'
अण्णा म्हणाले आणि रिकामे कॅन बांधले.
मग गाडी चालू न करताच बसले,
मला मागं बसायची खूण केली
आणि उतारावर तशीच सोडली,
ब्रेकवर बोट ठेवून,
खडी वाजू नये म्हणून कडेकडेच्या मातीतून,
पार डांबरी लागेपर्यंत.