घट

अमळनेरच्या सराफ बाजारात
एकतीस वर्षं मी चांदी उजळतो.
रिठ्याचं पाणी, पितळी तारांचा ब्रश,
आणि शेवटी काटा.
वाळे, जोडवी, छल्ले, देवांचे टाक,
काळे येतात, पांढरे होऊन जातात,
पण येताना होते त्याहून जरा हलके.
आम्ही त्याला घट म्हणतो.
गिऱ्हाइकाला ती आधी सांगायची असते.

माझ्या दातांची घट मला कुणी सांगितली नाही.

जुईचं पारोळ्याला जमलं,
मोबाईलवर व्याह्यांचा फोटो आला:
नवरा मास्तर, बायको मास्तरीण, मुलगाही मास्तर,
तिघांचे दात नव्या खडूसारखे.
मी मागच्या खोलीत जाऊन आरशासमोर ओठ उचलला.
तीस वर्षांचा चहा. सुटलेली, पण न गेलेली तंबाखू.
साखरपुड्याला दोन महिने होते.

लिंबू आणि मीठ. मग खायचा सोडा.
बाभळीचा कोळसा, वस्त्रगाळ केलेला.
बाजाराच्या दिवशी भोंग्यावर ओरडून विकतात ती गुलाबी पूड,
डबीवर पत्ता नसलेली.
बायको मोरीच्या दारात उभी:
"कसाले इतलं घासतस? तोंड शे का तपेलं?"

बाराव्या दिवशी माठातलं पाणी
कानशिलापर्यंत झणकत गेलं.

डॉक्टर तडवी यावलच्या, वयानं माझ्या जुईहून थोड्या मोठ्या.
दिवा लावून तोंडात बघत राहिल्या, बोलेनात.
ती शांतता माझ्या ओळखीची होती.
राख लावून घासलेला टाक कुणी आणला
की मी तसाच गप्प होतो.
"काका, तुम्ही डाग नाही, दात घासलाय.
वरचं कवच नखासारखं पुन्हा वाढत नाही.
आतला दात पिवळाच असतो. कवच झिजलं की तोच दिसतो."

म्हणजे पांढरा होता होता मी पिवळा होत होतो.

तीन आठवडे काहीच करायचं नाही, म्हणाल्या.
मऊ ब्रश, ठणक मारणारी पेस्ट.
एक कीड होती, ती भरली.
मग कीटण खरवडलं. ट्रेमध्ये पडलं ते बघून
मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं:
मी ज्याला माझा रंग समजत होतो
त्यातला निम्मा नुसता चिकटलेला होता.

मग त्यांनी काढली चिनी मातीच्या दातांची एक पट्टी,
एकेक दात माझ्या दाताशी धरून रंग जुळवला.
मी हसलो. ही तर आमची कसोटी, बाई!
मापाचा पारदर्शक साचा दिला आणि जेल,
प्रत्येक दाताला दादरच्या दाण्याएवढंच.
हिरडीवर आलं तर पुसायचं. कळ आली तर एक रात्र सोडायची.
"आणि पुढचा हा बसवलेला दात उजळणार नाही, आधीच सांगते."
आधीच सांगते. मला ती पोरगी तिथंच आवडली.
"किती पांढरे होतील?"
"डोळ्यांतल्या पांढऱ्याइतके. त्यापुढे चेहरा उसना वाटतो."

चौदा रात्री.
चहा बंद, शेवभाजी बंद, हळद दिसली की ताट सरकवायचं.
दादरची भाकर, दही, केळं;
भरीत मात्र चाललं, त्यात हळद नसतेच,
पण मिरचीनं एका रात्रीची सुट्टी घेतली.

साखरपुड्याला मी हसलो.
फार पांढरा नाही. धुतलेल्या कापडासारखा.
आणि मधोमध तो एक जुना दात,
जुन्या मापाचा, जुन्या रंगाचा,
व्याह्यांनी त्याच्याकडेच पाहिलं बहुतेक.
मीही ओठ मिटला नाही.

काल एक बाई पैंजण घेऊन आली.
"अजून पांढरं करा, दादा, खाचांतलं काळं राहिलंय."
मी काट्यावर ठेवून तिला आकडा दाखवला.
म्हटलं, ते काळं काढलं, ताई,
तर नक्षी दिसायची नाही.
तिला पटलं नाही.
पिशवीत घालून ती पुढच्या दुकानात गेली.