खालच्या गावाहून, हलाकोला

हलाको,
बसच्या टपावर एक पाटी बांधून पाठवते आहे.
वर केळी, खाली मका, मधे दडवलेला एक आंबा.
ड्रायव्हरने नाही खाल्ला तर तुझा.
चेंचाच्या वळणांवर केळी गारठतील,
साल काळी पडेल. पडू दे.
तुझी बायको टाकून द्यायला निघेल,
तिला म्हणावं, आधी सोलून बघ.

लग्न होऊन मी उतरले त्या पहाटे
आपल्या सातूवर दहिवर गोठलं होतं,
पायाखाली करकर वाजत होतं.
दुपारी मी इथे, तळ्याकाठी,
अंगावर बापाने विणलेली तीच जाड शाल,
आणि सासरची माणसं हसत होती,
अर्ध्या दिवसात नवरी एवढी घामाघूम?
अर्ध्या दिवसात
मी दोन ऋतू उतरून आले होते.

काखेत एक मुनवा होता,
घरामागच्या आपल्या एनसेटचा.
सासू म्हणाली, अगं, ही तर केळ.
म्हटलं, केळीची बहीण.
केळ घड लोंबवते, मिरवते.
हिचं सगळं पोटात,
सोपटांत आणि कंदात,
आणि फूल यायच्या आत हिला पाडावं लागतं,
फुलली की सत्त्व गेलं.
सासूने ऐकून घेतलं.
मुनवा तीन वर्षं जगला,
कडा करपलेल्या, भर दुपारी मान टाकलेली.
मग एका रात्री तळ्यातून पाणघोडा वर आला
आणि बुंध्यासकट खाऊन गेला.
इथे कुणाला तरी आवडला म्हणायचा.

तूही नेली होतीस माझ्या दारची केळ.
बारा वर्षं झाली. पानंच पानं.
घडाचं विचारलं की तू
विषय मेंढ्यांवर नेतोस.

ज्या वर्षी आमच्या मक्याचे दाणे
म्हाताऱ्याच्या दातांसारखे मोजून घ्यावे लागले,
त्या वर्षी तू रात्रीचा आलास,
वळणं सोडून सरळ कड्याच्या पायवाटेने,
पाठीवर पानांत बांधलेला आंबूस गोळा,
आईने खरवडून खड्ड्यात मुरवलेला, दोन वर्षांचा.
अख्ख्या आळीत वास गेला.
शेजारणी नाक धरून आल्या
आणि ताटली घेऊन बसल्या.
तू आठवडाभर राहिलास, परतलास,
आणि घरी पोचताच तुला हिवताप चढला.
वरच्या माणसाला खालचा डास लगेच ओळखतो.
मी आले तेव्हा चुलीपाशी थडथडत होतास.
तेव्हा आपली शाल तुझ्या अंगावर टाकली,
ती मी परत मागितलेली नाही,
हे फक्त लक्षात असू दे.

नंतर हिंवाने तुझा सातू जाळला.
थंडीनेही जळतं
हे माझ्या पोरांना पटत नाही.
बसमध्ये पोती चढवताना विचारत होती,
आग कुठे लागली, मामाकडे?

परवा शेतकी खात्याचा माणूस आला होता,
नकाशा घेऊन. वर निळा, मधे हिरवा,
खाली पिवळा, म्हणजे आम्ही.
म्हणाला, प्रत्येक पट्ट्याला आपापलं पीक.
विचारलं, निळा संपतो तिथे काय आहे?
म्हणाला, रेघ.
म्हटलं, त्या रेघेवर माझी मावशी राहते.
तिच्याकडे सफरचंदं धड होत नाहीत, केळी धड होत नाहीत.
अळू होतं, रताळी होतात, भांडणं होतात,
आणि दोन्हीकडचे पाहुणे तिच्याकडेच जेवतात.
त्याने वहीत काहीतरी लिहिलं.
बहुतेक अळू.

पाटी परत पाठव, रिकामी नको,
पण सफरचंदंही नकोत, बाजारात चिक्कार आहेत.
खड्ड्यावरचे दगड या महिन्यात उचलणार ना?
आतली पानं बदल, हात धुऊन.
आईच्या हातचा तो शेवटचा आहे,
त्याच्यानंतर तुझ्या बायकोचा आणि माझा,
आणि मला तर इथे राहून
खरवडायची सवयही मोडली.
वास बिघडल्यासारखा वाटला तर फोन कर.
सकाळच्या बसने येते.
दुपारी मला थंडी वाजेल,
तेवढी शाल बाहेर काढून ठेव.