पाच जोडांचा घाट

एकतीस वर्षं मी कॉडची कातडी सोलली.
शेपटीकडून डोक्याकडे, एका ओढीत,
आणि डाव्या हाताच्या टोपलीत फेकली, न बघता.
तेव्हा कारखान्यात कुणी म्हणालं असतं,
थोरकात्ला, यातलीच एक पुढे तुझ्या टाचेत बसेल,
तर पाळीचा भोंगा होईपर्यंत हसत राहिले असते.

बुटात खिळा होता.
किती दिवस होता, देव जाणे.
रात्री मोजा काढला तर तो टाचेसकट ओढला गेला,
लाल डाग बघून मला वाटलं, बीटाचं पाणी सांडलं.
तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात.
माझ्या तळपायानं मस्तकाशी बोलणंच टाकलंय.
दोघांमधली तार साखरेनं कुरतडली,
उंदरासारखी, पण आवाज न करता.

सात महिने.
खपली धरेना, कड पुढे सरकेना.
मध झाला, चांदीची मलमपट्टी झाली, फेसाच्या चकत्या झाल्या.
स्नाइब्योर्नचा पाय असाच गेला,
आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याखालून सगळा.
भावाचा तो बूट अजून माझ्या दाराशी आहे.
उजवा.
फेकवत नाही, आणि एकटा बूट द्यायचा तरी कुणाला.

दर मंगळवारी, बंदरावरच्या दवाखान्यात,
बोगुमिला आधी मेलेलं खरवडते.
मी खिडकीबाहेर बघते;
दुखत नाही, म्हणूनच बघवत नाही.
मग ती पाकीट फाडते.
आत पांढरा, कडक, पुठ्ठ्यासारखा तुकडा.
"माशाच्या पेशी धुऊन काढल्यात," तिचं पोलिश वळणाचं आइसलँडिक,
"उरलीय ती नुसती घडण. भोकाभोकांचं रिकामं घर.
तुमच्या पेशी येतील राहायला."
सलाइनमध्ये बुडवला की तो मऊ पडतो
आणि खवल्यांचे खड्डे दिसू लागतात, ओळीनं.
शेपटीकडची आहे ही, मी म्हणते.
तिला पटत नाही. न पटू दे.
नाकाशी नेऊन बघितला: वास नाही.
माझ्या हातांचा वास माझ्या लग्नातसुद्धा गेला नव्हता,
यांनी कसा घालवला?

पूर्वी इथे माशाच्या कातडीचे जोडे शिवत.
कातडं पातळ, दगड धारदार,
म्हणून डोंगर मैलांत मोजतच नसत.
हा घाट तीन जोडांचा, तो पाच जोडांचा;
इतके झिजले की पलीकडचं गाव.
वाटेत फाटला तर तिथंच बसायचं,
नवा शिवायचा, ओला असतानाच.
पायाची वहाण पायीच बरी म्हणे.
आमची तर पायाच्या आत शिरली.

बोगुमिला कागदी पट्टीनं मोजते.
लांबी, रुंदी, खोली, फोटो, तारीख.
पहिला तुकडा दहा दिवसांत दिसेनासा झाला.
कुठे गेला विचारलं, तर म्हणाली, तुम्ही झालात तो.
दुसरा वाया गेला, आणि चूक माझीच:
भावाचा वाढदिवस, दोन तुकडे केक,
आणि पायावर भार नको म्हटलेलं असताना
बर्फातून त्याच्या घरापर्यंत चालत.
ती पोलिशमध्ये ओरडली. शब्द कळले नाहीत,
अर्थ पुरेपूर कळला.
तिसऱ्यानंतर कडेला काहीतरी गुलाबी,
कोळंबीच्या पाठीएवढं.
दोघींनी ते बराच वेळ बघितलं, बोललो नाही.

आज चौथा.
अजून अकरा मिलिमीटर, ती लिहिते.
खिडकीतून कारखान्याची गाडी दिसते.
कातड्या आता टोपलीत फेकत नाहीत,
बर्फात झाकून नेतात, हळू,
आजारी माणसाला न्यावं तसं.
माझ्या हाताखालून गेलेल्या
त्या सगळ्यांची मी मनात क्षमा मागते,
मग हसू येतं, मासेच ते.

घाट पाच जोडांचा म्हटला होता मी.
सहा लागतील कदाचित.
पाय उशीवर आहे.
वाटेत नवा शिवायचा, ओला असतानाच.