किती वाव

डॉक्टर सबनीस कागदावर डोकं काढतात,
उभ्या कापलेल्या कलिंगडासारखं,
मधोमध पेनाचा एक ठिपका देतात.
इथे. तांदळाच्या दाण्याएवढी जागा,
हिच्यामुळे हात हलतो.
तार आत जाणार नाही. कवटीत चकती बसवू,
दहाच्या नाण्याएवढी, वरून कातडी शिवू.
चकती आवाज सोडेल,
तो दाण्यापाशी जाऊन गोळा होईल.
तुम्हाला ऐकू येणार नाही.

आबा विचारतात, किती वाव?

सात सेंटिमीटर, आबा.
सात!
दिवाळे जेटीवरून भर ओहोटीला पाय सोडला
तरी याहून जास्त पाणी लागतं.

हसुराम नाखवा. पोरवयात होडीत आडवे पडून
वल्ह्याच्या दांड्याला कान लावायचे,
खाली घोळ कुरकुरते का ते ऐकायला.
पुढे मशीन आलं, पडद्यावर पिवळे डाग,
कान रिकामाच राहिला.
ते मशीनही असंच, न ऐकू येणारं सोडायचं,
पण ते तळाला आपटून वर यायचं.
हा परत येतो का हो?
डॉक्टर पेनाला टोपण लावतात.
थोडा येतो. बाकीचा तिथेच कामाला लागतो.

संमतीपत्रावर सही केली.
नाखवातला ख खाडीभर पसरला.

आता सकाळी बशी वाजत नाही.
तीन वर्षं त्या आवाजावरून मला कळायचं
आबा ओटीवर आहेत की मागीलदारी.
आता हाक मारावी लागते.

बेलापूरच्या बँकेतली मुलगी चेक परत सरकवते,
काका, सही जुळत नाही.
तिच्या संगणकात थरथरणारी आहे,
गेल्या मार्चमध्ये नव्याने घेतलेली.
आबा माझ्याकडे बघतात, मग छताकडे,
खिशातल्या रिमोटचं बटण दाबतात.
आम्ही तिघं थांबतो.
काउंटरवरचं पेन साखळीसकट वाजू लागतं.
जुळली, ती म्हणते.

रात्री चार्जरची टोपी काढून ठेवली
की मी वाकून त्यांच्या डोक्याला कान लावते.
खोबरेल. केसांची खरखर.
लांबून पामबीच रोडवरचा एखादा डंपर.

काय बोलतं? डोळे मिटलेलेच.
काही नाही, आबा.
दम धर जरा.
घोळ काय लगेच बोलते?